विद्युत-अभिसरणाचा प्रयोगसंच : भरलेला सेल नको, रिकामा सेल घ्यावा

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रवस्फटिकातील विद्युत-अभिसरणाचा, म्हणजे विद्युतक्षेत्रामुळे द्रवात उठणाऱ्या फिरत्या प्रवाहांचा, प्रयोग मांडायचा ठरला की खरेदीचे दोन मार्ग समोर येतात. एमबीबीए हे द्रवस्फटिक आधीच भरून, कडा सील करून आणि तारा जोडून आलेला तयार सेल घ्यावा, किंवा रिकामे सेल आणि द्रवस्फटिकाची बाटली वेगवेगळी मागवून भरण्याचे काम आपणच करावे. आमच्या विभागाने दोन्ही प्रकारे खरेदी केली. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या हातून दोन्ही सेल भरपूर वापरून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रयोग जरूर घ्यावा, पण भरलेला सेल घेऊ नये. माहितीपत्रकात दोन्ही वस्तू जवळपास सारख्याच दिसतात आणि भरलेल्या सेलपुढे ‘वापरास तयार’ असे छापलेले असल्यामुळे खरेदी समितीचा कल साहजिकच तिकडे झुकतो, म्हणून कारणे जरा सविस्तर द्यावी लागतील.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. काचेच्या दोन पट्ट्या, त्यांच्या आतल्या बाजूंना इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर, त्यावर एकाच दिशेने घासलेला पॉलिइमाइडचा पातळ लेप, आणि दोन्ही काचांमध्ये २५ मायक्रॉनची फट, एवढाच हा सेल असतो. लेप घासलेला असल्यामुळे फटीत भरलेल्या नेमॅटिक, म्हणजे वाहता असूनही रेणू एकाच दिशेकडे कललेले राहतात अशा, द्रवाचे लांबट रेणू काचांना समांतर आणि घासण्याच्या दिशेने आडवे पडून राहतात. या मांडणीला ‘प्लेनर’ म्हणतात आणि रेणूंच्या सरासरी दिशेला ‘डायरेक्टर’. सेल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, खालून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत एकच पोलरायझर घासण्याच्या दिशेला समांतर ठेवावा, काही दहा हर्ट्झ वारंवारतेचे प्रत्यावर्ती व्होल्टेज लावावे आणि ते सावकाश वाढवत न्यावे. बराच वेळ काहीही घडत नाही. मग साधारण सहा ते आठ व्होल्टच्या दरम्यान संपूर्ण दृश्यक्षेत्रात पन्हाळी पत्र्यासारख्या सरळ, समांतर आणि एकसारख्या अंतराच्या उजळ रेषा उमटतात. त्या घासण्याच्या दिशेला काटकोनात असतात. प्रत्येक पन्हाळीखाली द्रवाचा एक लांबट रूळ फिरत असतो आणि शेजारचा रूळ त्याच्या उलट दिशेने फिरतो. फटीत एखादा धूलिकण अडकलेला असेल तर हे अभिसरण प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते. कण एका रेषेपाशी फोकसमध्ये येतो, आडवा सरकतो, धूसर होत तळाशी जातो आणि पुन्हा वर येतो. आता पोलरायझर ९० अंशांनी फिरवला की रेषा पुसून जातात, मात्र तो कण फिरतच राहतो. अभिसरण थांबलेले नसते, प्रकाशाला ते दिसेनासे झालेले असते, कारण या ध्रुवणाच्या प्रकाशाला डायरेक्टरच्या वरखाली कलण्याची दखलच घ्यावी लागत नाही. ध्रुवण शिकवण्यासाठी याहून चांगले प्रात्यक्षिक माझ्या पाहण्यात नाही.

या रेषांना ‘विल्यम्स डोमेन’ म्हणतात. अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांनी त्या पाहिल्या आणि १९६३ साली प्रसिद्ध केल्या. त्या काळी हाताशी असलेले पॅरा-ॲझॉक्सिॲनिसोल हे द्रव्य ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास नेमॅटिक होई, त्यामुळे सगळा प्रयोग तापत्या भट्टीत करावा लागे. १९६९ मध्ये जर्मनीत हान्स केल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्याने एमबीबीए तयार केले. ते साधारण २२ ते ४६ अंशांदरम्यान नेमॅटिक असते, आणि तेव्हापासून हा प्रयोग साध्या टेबलावर आला.

रेषा का उमटतात याचे उत्तर कार आणि हेल्फ्रिश यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत आहे, आणि विद्यार्थ्यांना ती फळ्यावर समजावून सांगणे हा या प्रयोगातील सर्वांत आनंदाचा भाग आहे. एमबीबीएमध्ये डायइलेक्ट्रिक स्थिरांक रेणूंच्या लांबीच्या दिशेने किंचित कमी असतो. दोन दिशांमधील फरक सुमारे उणे ०.५ इतका आहे. म्हणजे काचांना लंब असलेले विद्युतक्षेत्र रेणूंना उभे करत नाही, उलट आडवेच दाबून ठेवते. एवढेच पाहिले तर काहीच व्हायला नको. पण वाहकतेचा कल याच्या विरुद्ध असतो, ती लांबीच्या दिशेने जवळपास दीडपट असते. डायरेक्टर कुठे किंचित कलला की विद्युतप्रवाह क्षेत्राच्या रेषेत सरळ न जाता थोडा तिरका वळतो, आणि कललेल्या पट्ट्यांमध्ये आलटून पालटून धन व ऋण प्रभार साचू लागतो. त्या प्रभारावर क्षेत्राचे बल लागते, द्रव एका पट्टीत वर आणि शेजारच्या पट्टीत खाली ढकलला जातो, आणि त्या प्रवाहातील कातर डायरेक्टरला आणखी कलते करते. श्यानता आणि स्थितिस्थापकता या साखळीला विरोध करतात, आणि उंबरठा व्होल्टेजला हा विरोध अपुरा पडतो. क्षेत्राची दिशा उलटली की प्रभाराचे चिन्हही उलटते, त्यामुळे बलाची दिशा तीच राहते. प्रत्यावर्ती व्होल्टेजवर रूळ एकाच दिशेने फिरत राहतात ते यामुळे. १९६९ मधील हेल्फ्रिश यांच्या साध्या एकमितीय गणितातून उंबरठा व्होल्टेजचा अंदाज येतो, आणि तो सेलच्या जाडीवर अवलंबून नाही हेही कळते. जाडी बदलली की रुळाची रुंदी तेवढी बदलते, कारण ती साधारण जाडीइतकीच असते.

भरलेल्या सेलची अडचण सुरू होते ती नेमकी येथे. या साऱ्या प्रकाराला लागणारी वाहकता शुद्ध एमबीबीएची स्वतःची नसते, ती त्यातील आयनांची, म्हणजे बहुतांशी अशुद्धीची असते. प्रभाराला साचायला वेळ लागतो आणि तो वेळ वाहकतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून एका ठरावीक छेद-वारंवारतेपर्यंतच वर वर्णन केलेले रूळ दिसतात. ही वारंवारता द्रवाच्या वाहकतेप्रमाणे काही दहा हर्ट्झपासून हजारभर हर्ट्झपर्यंत कुठेही असू शकते. तिच्याजवळ जाताना उंबरठा झपाट्याने वाढतो, आणि तिच्या पलीकडे निराळीच राजवट सुरू होते. तेथे प्रभार स्थिर राहून डायरेक्टरच क्षेत्राबरोबर हेलकावतो, रेषा कितीतरी बारीक असतात आणि उंबरठा व्होल्टेजचा न राहता क्षेत्राचा होतो, जो वारंवारतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत जातो. व्होल्टेज आणखी वाढवल्यावर त्या बारीक रेषांतून शेव्हरॉनचे नागमोडी पट्टे तयार होतात. ज्या पुस्तिकेत वाहकता आणि छेद-वारंवारता दिलेली नाही, त्या पुस्तिकेतील उंबरठ्याच्या आकड्याला काही अर्थ नाही. आमच्याकडे आलेल्या पुस्तिकेत तो आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दिला होता आणि वारंवारतेचा उल्लेख नव्हता.

त्यातही एमबीबीए हे शिफ बेस वर्गातील, म्हणजे ॲल्डिहाइड आणि ॲनिलीन वर्गातील घटकांच्या संयोगातून बनलेले, द्रव्य आहे. दमट हवेतील पाणी त्याचे विघटन करून पुन्हा ॲल्डिहाइड आणि ॲनिलीन वर्गातील घटक तयार करते. त्यामुळे वाहकता बदलते आणि क्लिअरिंग पॉइंट, म्हणजे नेमॅटिक अवस्था संपून द्रव साधा व स्वच्छ होण्याचे तापमान, खाली येत जाते. आमच्या भरलेल्या सेलच्या सीलला एका कोपऱ्यात बारीक फट होती. पावसाळा संपेपर्यंत त्याचा क्लिअरिंग पॉइंट ४० अंशांच्या खाली उतरला होता आणि कडेने एक बुडबुडा आत सरकत होता. तक्रार केल्यावर मिळालेले उत्तर असे की सील केलेल्या सेलला हमी नसते. कोकणात किंवा मुंबईत दमट हवेचा प्रश्न वर्षातील मोठा काळ असतो. विदर्भातील महाविद्यालयांपुढे वेगळीच अडचण आहे, कारण मे महिन्यात पंखा लावलेल्या खोलीत ताज्या एमबीबीएचीही नेमॅटिक अवस्था टिकण्याची खात्री देता येत नाही. दुसऱ्या टोकाला, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरमधील सकाळी ते गोठू शकते. साधा पाण्याचा जॅकेट आणि थर्मोस्टॅट बसवल्याशिवाय या प्रयोगात आकडे घेऊ नयेत.

रिकामा सेल घेतला तर यातील बहुतेक गोष्टी आपल्या ताब्यात येतात. आलेला सेल भरण्यापूर्वी त्याची धारकता मोजावी. १ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि २५ मायक्रॉन फट असेल तर ती सुमारे ३५ पिकोफॅरड यायला हवी. साधा एलसीआर मीटर त्यासाठी पुरतो, फक्त तारांची धारकता आधी वजा करावी. सोडियमच्या प्रकाशात सेल धरला की फटीच्या असमानतेचे पट्टेही दिसतात, आणि ते दाट असतील तर सेल परत पाठवावा. फटीची अचूकता या बाबतीत आम्हांला मिळालेले सेल चांगले निघाले. तारांच्या जोडणीबाबत मात्र सावध राहावे. नेहमीची डाखण या थरावर धरत नाही आणि मगरचिमटे थर खरवडतात, म्हणून चांदीची पेस्ट वापरून वर इपॉक्सीचा थेंब द्यावा.

भरण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. सेल हॉट प्लेटवर ५० अंशांच्या थोडे वर ठेवावा, म्हणजे द्रव नेमॅटिक अवस्थेत राहत नाही आणि आत शिरताना प्रवाहाची दिशा रेणूंवर उमटत नाही. उघड्या कडेशी काचेच्या काडीने एक थेंब लावला की केशाकर्षणाने तो स्वतःहून आत ओढला जातो. पुढे सरकणारी त्याची कमान नुसत्या डोळ्यांनी दिसते. मग सेल सावकाश निवू द्यावा, पोलरायझरखाली तपासावा, कडा पुसून सील करावी. एका सेलला जेमतेम अडीच घनमिलिमीटर द्रव लागतो, म्हणून १ ग्रॅमची बाटली कित्येक वर्षे पुरते, अर्थात तिला डेसिकेटरमध्ये घट्ट बंद ठेवले तर. मोठी बाटली स्वस्त पडते या हिशेबाने घेतलेली बाटली दर वेळी उघडताना हवेतील पाणी पिते आणि शेवटी फेकून द्यावी लागते. वाहकता नियंत्रित करण्यासाठी टेट्राब्युटाइल अमोनियम ब्रोमाइड हे क्षार वजनाने ०.०१ टक्के मिसळण्याची पद्धत आहे. १ ग्रॅम एमबीबीएमागे ते ०.१ मिलिग्रॅम होते आणि महाविद्यालयातील तराजूवर एवढे वजन करणे शक्य नसते, म्हणून आधी तीव्र मिश्रण करून ते नंतर पातळ करावे. हातमोजे घालावेत, हे सांगायची गरज पडू नये.

द्रवाची निवड करताना एका मोहापासून दूर राहावे. ५सीबी हे द्रवस्फटिक सहज मिळते, खोलीच्या तापमानाला नेमॅटिक असते आणि एमबीबीएसारखे पाण्याने नासत नाही, त्यामुळे विक्रेते तेच सुचवतात. पण त्याच्या डायइलेक्ट्रिक फरकाचे चिन्ह धन आहे. प्लेनर सेलमध्ये व्होल्टभराच्या आतच त्याचे रेणू उभे होऊ लागतात आणि वर वर्णन केलेले रूळ मिळत नाहीत. फ्रेडरिक्स संक्रमण, म्हणजे क्षेत्राने रेणूंचे असे उभे होणे, शिकवायचे असेल तर ५सीबी उत्तम आहे, या प्रयोगासाठी ते निरुपयोगी आहे.

व्होल्टेजच्या पुरवठ्याकडेही बारकाईने पाहायला हवे. प्रयोगशाळांतील नेहमीचा फंक्शन जनरेटर शिखर ते शिखर २० व्होल्ट देतो. साइन तरंगासाठी याचा अर्थ आरएमएस ७ व्होल्ट, म्हणजे उंबरठ्याला कसाबसा हात लागेल इतकेच. विद्यार्थ्यांना रेषा पुसट दिसतात आणि सेल खराब आहे असा निष्कर्ष निघतो. त्याच जनरेटरवर चौकोनी तरंग निवडला तर १० व्होल्ट आरएमएस मिळतात आणि रूळ ठसठशीत होतात. मात्र साधा मल्टिमीटर सरासरी मोजून साइनसाठीचा गुणक लावतो, त्यामुळे चौकोनी तरंगासाठी तो सुमारे ११ टक्के जास्त आकडा दाखवतो. उंबरठा ऑसिलोस्कोपवरूनच वाचावा. त्याही पुढे जायचे असेल तर लहानसा ॲम्प्लिफायर लागतोच. एकदिश व्होल्टेज कधीही लावू नये, त्याने इलेक्ट्रोडपाशी रासायनिक क्रिया होऊन सेल थोड्याच वेळात डागाळतो.

घाई या प्रयोगात चालत नाही. २५ मायक्रॉनच्या थरात डायरेक्टर मूळ जागी यायला साधारण एक सेकंद लागतो, जाडी दुप्पट केली की चौपट वेळ, आणि उंबरठ्याच्या अगदी जवळ तर हा वेळ वाढतच जातो. तरीही उष्णतेच्या अभिसरणाशी तुलना केली तर हे वरदानच आहे. पाण्याच्या ५ मिलिमीटर थरात उष्णता आरपार पसरायलाच तीनेक मिनिटे जातात आणि वीतभर ताटलीत चाळीसेक रूळ मावतात; येथे १ सेंटिमीटरच्या सेलमध्ये चारशे रूळ असतात. त्यामुळे भिंतींचा परिणाम दूर राहतो आणि आकृतीतील दोष, म्हणजे जेथे एखादी रेषा मध्येच संपते ती ठिकाणे, कशी सरकतात, एकमेकांना गाठतात आणि नाहीशी होतात हे बसल्या बैठकीला पाहता येते. कमी वारंवारतेला काही सेलमध्ये रूळ काटकोनाऐवजी तिरके उमटतात आणि डावे-उजवे तिरके मिळून नागमोडी होतात.

उंबरठ्याच्या वर व्होल्टेज वाढवत नेले की रेषा आधी वळवळू लागतात, मग जाळीसारखी रचना येते, तीही मोडते आणि अखेर संपूर्ण क्षेत्र सळसळत्या प्रक्षोभाने भरते. हा गढूळपणा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, कारण प्रकाश सर्व बाजूंना विखुरतो. आरसीएमधील जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली याच विखुरण्याचा उपयोग करून चपटे पडदे दाखवले, आणि १९७३ मध्ये आलेल्या शार्पच्या ईएल-८०५ या गणकयंत्रातील अंक याच प्रक्षोभाने उमटत. ज्या हेल्फ्रिश यांनी या अभिसरणाचे गणित मांडले, त्यांनीच मार्टिन शाट यांच्यासह बाझेलमध्ये पीळ दिलेल्या नेमॅटिकचा पडदा तयार केला. त्याला कमी व्होल्टेज पुरे आणि आयनांचा प्रवाह नको, त्यामुळे प्रक्षोभावर चालणारे पडदे बाजारातून गेले. ज्या घटनेसाठी आपण आज सेल विकत घेतो, ती उद्योगाने टाकून दिलेली आहे, याची मला गंमत वाटते.

प्रक्षोभाच्याही दोन अवस्था असतात, डीएसएम-१ आणि डीएसएम-२ (डीएसएम म्हणजे ‘डायनॅमिक स्कॅटरिंग मोड’, प्रकाश विखुरणारी अवस्था). दुसरीत डायरेक्टरच्या दोषरेषांचे दाट जाळे झालेले असते आणि ती अधिक काळवंडलेली दिसते. पुरेसे व्होल्टेज असेल तर डीएसएम-१ मध्ये एखादा काळा ठिपका आपोआप उगवतो आणि त्याची कातरलेली कड पसरत जाते. टोकियो विद्यापीठातील काझुमासा ताकेउची आणि मासाकी सानो यांनी २०१० मध्ये या कडेचेच मोजमाप केले. रेणू उभे असलेला १२ मायक्रॉनचा एमबीबीए सेल, २५० हर्ट्झवर २६ व्होल्ट आणि लेझरच्या एका झटक्याने पेरलेला ठिपका एवढ्या सामग्रीवर, कडेची अनियमितता काळाच्या एक-तृतीयांश घाताने वाढते आणि वाढत्या खडबडीत कडांचे वर्णन करणाऱ्या कार्दार, पारिझी व झांग यांच्या १९८६ मधील समीकरणाच्या भाकितांशी ती जुळते, हे त्यांनी दाखवले. त्याआधी २००७ मध्ये त्याच गटाने या दोन प्रक्षोभांमधील संक्रमण ‘डिरेक्टेड पर्कोलेशन’च्या, म्हणजे एकाच दिशेने यादृच्छिकपणे पसरत जाणाऱ्या प्रक्रियेच्या, नियमांनी होते हे सिद्ध केले होते. त्या विषयावरील सुरुवातीच्या संगणकीय कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर आणि मुस्तनसिर बर्मा यांचा १९८१ मधील निबंध आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे. महाविद्यालयाच्या सेलमध्ये एवढे अचूक आकडे मिळणार नाहीत, त्यासाठी तापमान अतिशय काटेकोरपणे सांभाळावे लागते. पण काळा ठिपका पसरताना मोबाइलच्या कॅमेऱ्याने सूक्ष्मदर्शकातून चित्रण करून कडेचा वेग मोजणे एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पुरेसे आहे, आणि आमच्याकडे तो प्रकल्प सर्वांत आधी निवडला जातो.

भरलेला सेल घेण्यास एकच परिस्थिती योग्य आहे. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात नुसते दाखवायचे असेल, आकडे नको असतील आणि हॉट प्लेट हाताशी नसेल, तर तो महिना-दोन महिने काम देईल. एरवी २५ आणि ५० मायक्रॉनचे प्रत्येकी काही रिकामे सेल आणि १ ग्रॅम एमबीबीए मागवावे. दोन जाड्या असल्या की उंबरठा बदलत नाही आणि रुळांची रुंदी दुप्पट होते, हे विद्यार्थ्याला स्वतः तपासता येते. मागणीपत्रावर प्लेनर मांडणी, दोन्ही काचांची घासण्याची दिशा समांतर, इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ आणि द्रवाच्या निर्मितीची तारीख ही चार कलमे लिहून त्यांची लेखी खात्री घ्यावी, कारण पीळ दिलेले सेलही त्याच क्रमांकाच्या पेट्यांतून येतात आणि ते परत घेताना विक्रेते कुरकुर करतात.